ड्रोन का हरवतात आणि चूक कोणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचं शूट करणारे फोटोग्राफर, ट्रेकर आणि हौस म्हणून छोटा ड्रोन घेतलेले ओळखीचे लोक, यांचे हरवलेल्या ड्रोनचे फ्लाइट लॉग, म्हणजे उड्डाणाच्या नोंदी, मी बरीच वर्षं वाचून देत आलो आहे. माझा स्वतःचा पहिला ड्रोन सह्याद्रीतल्या एका दरीत गेला, तो आजतागायत मिळालेला नाही. फोनवर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ड्रोन हरवला म्हणजे चूक उडवणाऱ्याचीच असणार ना?

तसं धरून चालू नका. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या ग्रॅहम वाइल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांतल्या दीडशेहून जास्त ड्रोन दुर्घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ६४ टक्के घटनांत कारण तांत्रिक निघालं, आणि पायलट व ड्रोन यांच्यातला संपर्क तुटणं हे त्यात सर्वांत ठळक होतं. प्रवासी विमानांच्या अपघातांत माणसाची चूक वरचढ असते. इथे चित्र उलटं दिसलं.

पण हा आकडा तोंडावर फेकून स्वतःला मोकळं करून घेऊ नका. त्या अभ्यासात कुठेतरी रीतसर नोंद झालेल्या घटना होत्या. बांबूच्या बेटात पडलेल्या हौशी ड्रोनची नोंद कोण करतो? शिवाय ‘संपर्क तुटला’ हे कारण म्हणून अर्धंच आहे. डोंगराच्या सोंडेमागे ड्रोन नेला म्हणून संपर्क तुटला असेल, तर तो तिथे नेला कोणी?

लॉग वाचून माझं मत असं झालं आहे: हवेत ऐनवेळी अंगठा चुकला म्हणून ड्रोन जाण्याचे प्रसंग कमी असतात. बहुतेक वेळा चूक उडण्याच्या आधीच्या पाच मिनिटांत झालेली असते. होम पॉइंट (ड्रोनने परत यायची जागा) नोंदला जायची वाट पाहिलेली नसते, परतीची उंची (परत येताना तो जितका वर चढून येतो ती) तपासलेली नसते, वाऱ्याचा अंदाज घेतलेला नसतो. ती चूक पायलटची, हे मी मान्य करतो. मात्र ‘बटण दाबा, ड्रोन आपोआप घरी येईल’ असं खोक्यावर छापून विकणाऱ्यांनी त्या चुकीला जागा करून दिलेली असते. हे दोन्ही सोबत धरल्याशिवाय दोषाची वाटणी खरी होत नाही.

बॅटरी ४० टक्के होती, ड्रोन फक्त एक किलोमीटरवर होता. तरी परत का आला नाही?

वारा. मला येणाऱ्या फोनपैकी सर्वांत जास्त फोन याच प्रकारचे असतात.

हिशेब मांडून बघा. साध्या मोडमध्ये तुमचा छोटा ड्रोन हवेतून सेकंदाला १० मीटर कापतो असं धरू. जाताना वारा पाठीमागून होता, एक किलोमीटर १०० सेकंदांत किंवा त्याहून लवकर संपला. येताना तोच वारा समोरून, सेकंदाला ८ मीटर. आता जमिनीवरून मोजलं तर ड्रोन सेकंदाला फक्त २ मीटर सरकतो. तोच एक किलोमीटर यायला ५०० सेकंद लागतात, म्हणजे सव्वाआठ मिनिटांच्या वर. तेवढा वेळ तो पूर्ण कलून, मोटारी ताणून उडतो आणि बॅटरी नेहमीपेक्षा भराभर उतरते. वारा सेकंदाला १० मीटरच्या वर गेला की ड्रोन घराकडे तोंड करून मागे मागे जायला लागतो. स्क्रीनवर हे दृश्य फार विचित्र दिसतं. अंतराचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातो.

२५० ग्रॅमच्या आतले जे ड्रोन आपल्याकडे सर्वाधिक दिसतात, त्यांची वारा सोसायची मर्यादा साधारण ताशी ३८ किलोमीटर सांगितलेली असते. तुम्ही जमिनीवर झाडाच्या आडोशाला उभे असता, गालाला झुळूक लागते. शंभर मीटर वर गोष्ट वेगळी असते. म्हणून एक सवय लावून घ्या: सुरुवातीला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जायचं. मग परतीला वारा तुमच्या बाजूने असतो.

किल्ल्यांवर आणि कड्यांवर ड्रोन जास्त का जातात?

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खालून कोकणातून येणारा वारा त्या आत वळलेल्या भिंतीवर आपटतो आणि सरळ वर उसळतो. हलकी वस्तू खाली टाकली तर ती परत वर येते. नाणेघाटात पावसाळ्यात धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं, तेही याच वाऱ्यामुळे. कड्याच्या काठाशी वर ढकलणारा झोत असतो, माथ्यावरून थोडं मागे सरकलं की खाली दाबणारे भोवरे असतात. ड्रोन काही मीटरांत एकातून दुसऱ्यात जातो.

दुसरा धोका दृष्टिआड होण्याचा. माथ्यावर उभं राहून ड्रोन कड्याखाली उतरवला की मध्ये दगड येतो. रेडिओ लहरी काळा पाषाण भेदून जात नाहीत. संपर्क तुटतो, ड्रोन परतीचा कार्यक्रम सुरू करतो, आणि त्यातली पहिली पायरी असते सरळ वर चढणं. वर पुढे आलेला कडा असला तर तो थेट दगडाला भिडतो. माझा ड्रोन असाच गेला. यंत्राने जे करायला हवं होतं तेच केलं. त्याच्या डोक्यावर दगड आहे हे मला माहीत होतं, त्याला नाही.

आणखी एक: रायगड, शिवनेरीसारखे अनेक किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

‘रिटर्न टू होम’ ही आपोआप परत येण्याची सोय असताना ड्रोन हरवतोच कसा?

कारण ‘होम’ म्हणजे काय हे ड्रोनला तुम्ही सांगायचं असतं, आणि तुम्ही सांगितलं नाही तर तो स्वतःच्या समजुतीने ठरवतो.

होम पॉइंट म्हणजे जीपीएसने नोंदवलेली एक जागा. पुरेसे उपग्रह मिळायच्या आत घाईने उडवलात तर ती जागा उडण्याच्या ठिकाणी नोंदलीच जात नाही. ड्रोन वर गेल्यावर, पुढे सरकल्यावर कधीतरी नोंदली जाते. मग तो प्रामाणिकपणे शेजारच्या विहिरीवर किंवा वडाच्या झाडावर परत येतो. अ‍ॅप होम पॉइंट नोंदल्याचं बोलून सांगतं. ते वाक्य कानावर पडेपर्यंत उडवू नका. नवरा-नवरी ताटकळत असले तरीही नाही.

होडीवरून उडवणाऱ्यांचं तर हमखास होतं. खाडीत होडी पुढे गेलेली असते, होम पॉइंट मात्र मागे पाण्यावर राहिलेला असतो. ड्रोन बरोबर त्याच जागी येतो आणि शांतपणे पाण्यात उतरतो. होम पॉइंट रिमोटच्या जागेवर आणण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते. होडी हलली की ती वापरायची.

मग परतीची उंची. ही उंची ड्रोन जिथून उडाला तिथून मोजतात, त्याच्या खाली असलेल्या जमिनीपासून नाही. गडाच्या पायथ्याच्या गावातून उडालात, परतीची उंची ६० मीटर ठेवली आणि ड्रोन शंभर मीटर उंच टेकाडाच्या पलीकडे नेलात, तर परतताना तो टेकाडात घुसेल. समोरचा सेन्सर असला तर थांबेल कदाचित. पण अंधारात हे सेन्सर आंधळे असतात, विजेच्या बारीक तारा त्यांना उजेडातही दिसत नाहीत, आणि स्वस्त ड्रोनमध्ये समोरचा सेन्सरच नसतो.

आणि जोराच्या वाऱ्यात हीच सोय घात करते. ड्रोन आधी वर चढतो, जिथे वारा आणखी जोरात आहे. अशा वेळी परतीचा कार्यक्रम रद्द करून, समोर अडथळा नाही याची खात्री करून, खाली उतरवून स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे सर्वांत वेगवान मोडमध्ये, हाताने आणणं जास्त भरवशाचं.

कंपास (आतलं होकायंत्र) कॅलिब्रेट करूनही, म्हणजे नव्याने जुळवूनही, ड्रोन गोल गोल गिरक्या का घेतो?

जीपीएस सांगतं आपण कुठे आहोत. तोंड कुठे आहे ते कंपास सांगतो. दोघांचं पटेनासं झालं की ड्रोन जागा सुधारायला जातो, चुकीच्या दिशेला सरकतो, पुन्हा सुधारतो, आणि गिरकी मोठी मोठी होत जाते. शेवटी एखाद्या दिशेने सुटतो.

कंपास किती नाजूक असतो याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालत असे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या विजेने मोजणी बिघडेल म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं. एका वेधशाळेला खाडीपार जावं लागलं, आणि आपण गाडीच्या बॉनेटवर ठेवून ड्रोन उडवतो!

गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्या, गटाराचं लोखंडी झाकण, मांडवाचे लोखंडी ट्रस, मोठे स्पीकर या सगळ्यांजवळ कंपास चुकतो. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे उघड्या कातळावर ड्रोन टेकवून कॅलिब्रेशन करू नये. आणि दर वेळी कॅलिब्रेट करणं हा उपाय नाही. चुकीच्या जागी कॅलिब्रेट केलं तर बरा असलेला कंपास बिघडवून तुम्ही उडता. टेकऑफआधी नकाशावरचा बाण बघा. ड्रोनचं तोंड खरोखर जिकडे आहे तिकडेच बाण असेल तर उडवा, नाहीतर जागा बदला.

जीपीएसच गेलं तर?

ड्रोन उडत राहतो, पण जागेवर थांबत नाही. वारा नेईल तिकडे वाहतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये हाँगकाँगच्या बंदरावर ड्रोनचा खेळ चालू असताना जीपीएसमध्ये व्यत्यय आला आणि ४६ ड्रोन पाण्यात गेले. ते उडवणारे नवखे नव्हते. तुमच्या बाबतीत असं झालंच तर घाबरून रिमोट सोडू नका. रिमोटवरच्या काड्या हलवल्या की ड्रोन ऐकतो. महिन्यातून एकदा मोकळ्या मैदानात, कमी उंचीवर, पूर्ण हाताने उडवायचा सराव याचसाठी हवा.

मंगल कार्यालयात शंभर मीटरवरही सिग्नल तुटतो. रिमोट खराब आहे का?

बहुधा नाही. कार्यालयातलं वायफाय, पाहुण्यांचे शेकडो फोन, वायरलेस माइक, एलईडी वॉल आणि वर पत्र्याचं छप्पर, एवढ्या गर्दीत तुमचा रिमोट बोलत असतो. त्यात अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखून धरलं तर आणखी वाईट, कारण टोकाच्या दिशेला लहरी सर्वांत क्षीण असतात. अँटेनाची सपाट बाजू ड्रोनकडे हवी. आणि ड्रोनकडे पाठ करून उभे राहू नका, आपलं शरीरही लहरी अडवतं.

कंपनीची चूक असते असं कधी सिद्ध झालंय का?

झालंय. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये गोप्रोने आपला कर्मा ड्रोन बाजारात आणून जेमतेम दोन आठवडे झाले असताना सुमारे २,५०० ड्रोन परत मागवले. उडता उडता वीजपुरवठा तुटून ते कोसळत होते. २०१७ मध्ये डीजेआय या कंपनीचे स्पार्क ड्रोन हवेत बंद पडत असल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने नवं सॉफ्टवेअर काढलं आणि १ सप्टेंबरपर्यंत ते न घालणाऱ्यांचा ड्रोन उडणारच नाही अशी सोय केली. या दोन्ही प्रसंगांत पायलट काय करू शकत होता? काहीही नाही.

म्हणून लॉग जपा. फोनमधलं अ‍ॅप प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवतं: उंची, वेग, बॅटरीचा प्रत्येक सेल, उपग्रहांची संख्या, तुम्ही काडी किती ढकलली तेसुद्धा. ड्रोन हरवल्यावर रागाने किंवा दुरुस्तीच्या नावाखाली अ‍ॅप काढून टाकू नका. चांगली उंची आणि भरपूर बॅटरी असताना नोंद अचानक कापली गेली असेल तर यंत्राकडे बोट जातं. नोंद चालू असताना वेग आणि दिशा काडीच्या उलट दिसत असेल तर वारा किंवा कंपास.

ड्रोन डोळ्यांसमोर ठेवायचा नियम इतका कडक का? स्क्रीनवर सगळं दिसतं की.

स्क्रीनवर फक्त समोरचं दिसतं. २१ सप्टेंबर २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये स्टेटन आयलंडजवळ एक फँटम ४ ड्रोन लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर आदळला. उडवणारा तिथून जवळपास चार किलोमीटरवर होता. संपर्क तुटला, तो ड्रोनची वाट पाहत राहिला, आणि शेवटी ड्रोन बिघडून पाण्यात पडला असेल असं समजून घरी गेला. हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं, पण त्याच्या पात्याला इजा झाली होती. आत अडकलेल्या ड्रोनच्या तुकड्यावरच्या क्रमांकावरून तपास करणारे त्याच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा त्याला टक्कर झाल्याचं पहिल्यांदा कळलं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने दोष त्याच्यावर ठेवला, कारण त्याने जाणूनबुजून ड्रोन नजरेपलीकडे नेला होता.

‘माझा ड्रोन हरवला’ असं सांगणाऱ्याला मी ही घटना सांगतो. तुमच्या दृष्टीने तो हरवला. तो कुठेतरी पडलेला असतो, आणि कुठे ते तुम्हाला माहीत नसतं.

घारी, तारा, मांजा?

घार अंगावर आली तर ड्रोन सरळ वर न्या. शिकारी पक्षी वरून झेपावतात, सरळ वर चढणं त्यांना जड जातं. घरट्यांच्या दिवसांत त्या जागी उडवूच नका, तिथे उपरे आपण असतो. तारांजवळ आडवं उडू नका; खांब दिसला की तार आहे असं समजा. संक्रांतीच्या आठवड्यात शहरात ड्रोन पेटीत ठेवावा.

पाण्यावर कमी उंचीवर उडवताना तो आपोआप खाली का जातो?

पोटाखालचा कॅमेरा जमिनीवरच्या खुणा पाहून जागा धरतो. हलणाऱ्या पाण्यावर खुणाच हलतात. निदान पाच-सहा मीटर उंची ठेवा, आणि बॅटरी तीस टक्क्यांवर आली की किनाऱ्यावर या. बॅटरी अगदी संपत आल्यावर सुरू होणारं लँडिंग बहुतेक ड्रोनमध्ये रद्द होत नाही, पण उंचीची काडी पूर्ण वर धरून त्याला थोडा वेळ तरंगत ठेवता येतं आणि किनाऱ्याकडे वळवता येतं. हे माहीत नसल्यामुळे लोक रिमोट हातात धरून नुसते बघत राहतात.

हरवला. आता शोधायचा कसा?

आधी रिमोट बंद करू नका. अ‍ॅपमधल्या नकाशावर शेवटची जागा दिसते, तिचा स्क्रीनशॉट घ्या. फोनमध्ये साठलेल्या कच्च्या व्हिडिओची शेवटची काही सेकंदं बघा. झाड, बांध, पत्र्याचं छप्पर, काहीतरी खूण मिळते.

संपर्क तुटल्यावर ड्रोन परतीला निघाला असण्याची शक्यता असते. म्हणून शेवटचा बिंदू आणि होम पॉइंट जोडणारी रेषा काढा, आणि त्या रेषेवरचे उंच अडथळे आधी तपासा. वारा जोराचा असेल तर रेषा वाऱ्याच्या दिशेने झुकवा. रिमोट चालू ठेवून चालत राहा. जवळ गेल्यावर संपर्क परत जुळतो आणि ड्रोनला आवाज करायला लावता येतो. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात त्याचे दिवे दुपारपेक्षा लांबून दिसतात.

कोणाच्या शेतात जायचं असेल तर विचारून जा, आणि रात्री तर पोलीस पाटलांना सोबत घेऊनच. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीड भागातल्या गावांत रात्री दिसणाऱ्या ड्रोनमुळे चोरांची भीती पसरली होती, लोक रात्र रात्र जागत होते. उसात टॉर्च घेऊन फिरणारा अनोळखी माणूस त्यांना कसा दिसेल याचा विचार करा.

आणि दरीत पडला असेल तर उतरू नका. दोराशिवाय, एकट्याने, तासाभराच्या उजेडात कोणी मला ‘खाली दिसतोय हो, जाऊन आणतो’ असं फोनवर सांगतं तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. गिर्यारोहकांच्या बचाव पथकांनी आधीच पुष्कळ माणसं अशा जागांवरून वर काढली आहेत.

पोलिसांत किंवा सरकारला कळवावं लागतं का?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अपघात झाला तर ४८ तासांच्या आत सरकारच्या ड्रोनविषयक संकेतस्थळावर कळवायचं असतं. नोंदणी केलेला ड्रोन कायमचा हरवला असेल तर नोंदणी रद्द करून घ्या. तुमच्या नावावरचा ड्रोन उद्या कोणाच्या हाती लागला आणि भलत्या ठिकाणी उडाला, तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील. पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करणंही त्याच कारणासाठी शहाणपणाचं.

मी स्टुडिओत ड्रोन ऑपरेटर आहे. ड्रोन हरवला आणि मालक पैसे पगारातून कापणार म्हणतात. हे बरोबर आहे का?

दोष कोणाचा हा प्रश्न मला याच मुलांसाठी महत्त्वाचा वाटतो. वीस-बावीस वर्षांची मुलं, महिन्याचा पगार ड्रोनच्या किमतीच्या पाव भागाएवढा, आणि ड्रोन गेला की सगळं खापर त्यांच्यावर. मालकांना मी एवढंच म्हणतो की लॉग बघितल्याशिवाय एक रुपयाही कापू नका.

मागे असाच एक मुलगा लॉग घेऊन आला होता. प्री-वेडिंग शूटमध्ये संपर्क तुटला, ड्रोन परत येताना निलगिरीच्या झाडांत अडकून पडला आणि फुटला. मालकाचं म्हणणं, पोराला उडवता येत नाही. लॉगमध्ये परतीची उंची ३० मीटर दिसत होती. झाडं त्याहून उंच. ही उंची त्या मुलाने ठेवलीच नव्हती. आदल्या आठवड्यात मालकाने स्वतः मोकळ्या मैदानात शूट करताना ती ठेवली होती, आणि अ‍ॅपने ती तशीच लक्षात ठेवली होती. मुलाने उडण्याआधी ती तपासायला हवी होती, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं. मालकालाही फोन लावून तारखेसकट ती ओळ वाचून दाखवली. थोडा वेळ तिकडून काहीच आवाज आला नाही. मग मालकाने विचारलं, ही उंची बदलायची कुठून.